गर्दीच्या बसथांब्यावरील प्रवाशांच्या वर्तनाचे गणिती प्रारूप कसे उभारावे

बसच्या वेळापत्रकात ‘दर १० मिनिटांनी गाडी’ असे छापलेले असते आणि नियोजनाच्या प्राथमिक प्रारूपांतही तेच १० मिनिटांचे अंतर गृहीत धरले जाते. सकाळी नऊच्या सुमारास भरलेल्या थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र गाडी येणे आणि गाडीत शिरायला मिळणे या दोन वेगळ्या घटना आहेत. या दोहोंमधील तफावत नेमकी मोजणे आणि तिच्यामुळे प्रवासी आपला निर्णय कसा बदलतो ते समीकरणात आणणे, हेच गर्दीच्या थांब्याच्या प्रारूपाचे खरे काम आहे. ते पायरीपायरीने कसे करावे हे पुढे मांडले आहे. वाचकाला संभाव्यताशास्त्राची तोंडओळख आहे असे गृहीत धरले असून बहुतेक आकडेमोड साध्या स्प्रेडशीटमध्ये होण्यासारखी आहे.

उदाहरणासाठी पुण्याचा सातारा रस्ता घेऊ. कात्रजकडून येणाऱ्या अनेक मार्गांच्या गाड्या बालाजीनगर, पद्मावती या थांब्यांवरून स्वारगेटकडे जातात आणि तिथून त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. पद्मावतीहून फक्त स्वारगेटपर्यंत जाणाऱ्याला यातली कोणतीही गाडी चालते. शिवाजीनगरला जाणाऱ्यापुढे मात्र प्रश्न असतो की, थेट गाडीची वाट पाहावी की मिळेल ती गाडी घेऊन स्वारगेटला बदलावी? खालच्या उदाहरणातील वेळा आणि वारंवारिता (तासाला किती गाड्या) केवळ समजावून सांगण्यासाठी घेतल्या आहेत. त्या कोणत्याही सर्वेक्षणातून आलेल्या नाहीत.

थांब्यावर काय नोंदवायचे

एका थांब्यावर किमान दोन निरीक्षक असावेत आणि शक्यतो प्रत्येक दारावर एकेकाची नजर असावी. प्रत्येक गाडीसाठी पाटीवरचा मार्ग, येण्याची व सुटण्याची वेळ सेकंदांसह, उतरलेले, चढलेले आणि चढायचे असूनही मागे राहिलेले अशा नोंदी घ्याव्यात. गाडी किती भरली आहे हे मोजत बसू नये, कारण ते बाहेरून साधत नाही. त्याऐवजी ‘बसायला जागा’, ‘उभे राहायला मोकळीक’, ‘दाटी’ आणि ‘दारापर्यंत माणसे’ असे चार दर्जे ठरवून त्यांपैकी एक लिहावा.

मागे राहिलेल्यांची संख्या हा या तक्त्यातला सर्वांत मोलाचा आणि नोंदवायला सर्वांत अवघड आकडा आहे. गाडी येते, दहा-बारा जण पुढे सरसावतात, सहा-सात जण आत शिरतात, कंडक्टर ‘मागून रिकामी येतेय’ म्हणून ओरडतो आणि डबल बेल देतो. खाली उरलेल्यांपैकी कोणाचा हात दांडीपर्यंत पोहोचून सुटला आणि कोण गर्दी पाहून आधीच दोन पावले मागे झाला, हे वेगवेगळे लिहायला हवे. पहिल्याला गाडीच्या क्षमतेने अडवले, तर दुसऱ्याने निवड केली. प्रारूपात हे दोघे वेगळ्या समीकरणांत जातात आणि एकाच रकान्यात टाकले की नंतर कोणत्याही युक्तीने वेगळे काढता येत नाहीत.

तिकीट यंत्रांतील विदा (डेटा) ही भर म्हणून उपयोगी आहे, पर्याय म्हणून नव्हे. तिच्यात चढलेलेच दिसतात. ज्याला चढता आले नाही त्याचे तिकीट निघत नाही. शिवाय पासधारकाला तिकीट काढावेच लागत नाही, त्यामुळे विद्यार्थी आणि नोकरदार यांचा मोठा गट तिच्यातून निसटू शकतो. भरलेल्या गाडीत चढणाऱ्यांची संख्या मागणी दाखवत नाही, शिल्लक जागा दाखवते. ‘या थांब्यावर मागणी स्थिर आहे’ असा निष्कर्ष केवळ तिकिटांवरून काढणाऱ्या अहवालाकडे म्हणूनच संशयाने पाहावे.

थांब्यावर उभ्या असलेल्यांना ‘किती वेळ झाला?’ असे विचारून मिळणारी सरासरीही तशीच फसवी असते. जो जास्त वेळ थांबतो तो निरीक्षकाच्या तावडीत सापडण्याची शक्यता जास्त, त्यामुळे लांब प्रतीक्षांना अवाजवी वजन मिळते. उलट विचारल्या क्षणी त्यांची प्रतीक्षा संपलेली नसते, त्यामुळे उत्तर अपुरेही असते. या दोन चुका एकमेकींना नेमक्या छेदतील असा भरवसा धरू नये. शक्य असल्यास काही प्रवाशांचे थांब्यावर येणे आणि गाडीत चढणे या दोन्ही वेळा प्रत्यक्ष टिपाव्यात.

प्रवासी केव्हा येतो, गाडी केव्हा येते

गाड्यांमधील अंतर साधारण १०–१२ मिनिटांपर्यंत असेल तर प्रवासी वेळापत्रक न पाहता येतात असे मानता येते आणि त्यांच्या आगमनाला प्वासाँ प्रक्रिया, म्हणजे ठरावीक सरासरी दराने पण एकमेकांशी संबंध नसलेल्या यादृच्छिक क्षणी येण्याचे प्रारूप, पुरते. अंतर त्याहून वाढले की लोक घड्याळ पाहून निघू लागतात. जॉलिफ आणि हचिन्सन या संशोधकांनी १९७५ मध्ये प्रवाशांचे तीन गट कल्पिले होते: गाडी समोर दिसल्यावर येऊन चढणारे, अनुभवावरून सर्वांत सोयीची वेळ साधणारे आणि कोणत्याही क्षणी येणारे. ही विभागणी आजही उपयोगी आहे, फक्त मोबाइलवर गाडीची जागा दिसू लागल्यापासून दुसऱ्या गटात भर पडण्याचा संभव धरावा लागतो. पद्मावतीसारख्या थांब्यावर एकत्रित वारंवारिता इतकी मोठी असते की तिसऱ्या गटापासून सुरुवात केली तरी चालते.

यादृच्छिक आगमन मानले की सरासरी प्रतीक्षेचे सूत्र असे मिळते:

सरासरी प्रतीक्षा = (अंतरांच्या वर्गांची सरासरी) ÷ (२ × अंतरांची सरासरी)

गाड्या अचूक १० मिनिटांनी आल्या तर उत्तर ५ मिनिटे येते. पण त्याच गाड्या आळीपाळीने १८ आणि २ मिनिटांच्या अंतराने आल्या तर सरासरी अंतर १० मिनिटेच राहते, अंतरांच्या वर्गांची सरासरी मात्र १६४ होते आणि प्रतीक्षा ८.२ मिनिटांवर जाते. कारण उघड आहे: १०० पैकी ९० प्रवासी त्या १८ मिनिटांच्या खिंडारातच थांब्यावर येतात. तेच ९० जण पहिल्या गाडीवर तुटून पडतात आणि मागोमाग येणारी दुसरी गाडी बरीचशी रिकामी जाते. कंडक्टरचे ‘मागून रिकामी येतेय’ अनेकदा खरे असते ते यामुळे.

गाड्या अशा जोडीने का येतात याचे गणित नेवेल आणि पॉट्स यांनी १९६४ मध्येच मांडले होते. उशीर झालेल्या गाडीला थांब्यावर जास्त माणसे भेटतात, त्यांना चढायला जास्त वेळ लागतो, उशीर आणखी वाढतो. मागच्या गाडीला कमी माणसे मिळतात आणि ती पुढचीला गाठते. म्हणून प्रारूपात थांब्यावरील वेळ स्थिर न ठेवता ‘दार उघडण्या-मिटण्याचा वेळ + चढणाऱ्यांची संख्या × दर माणशी सेकंद’ असा लिहावा आणि गर्दीच्या दर्जानुसार तो दर वाढू द्यावा. याच रस्त्याचा समावेश असलेल्या कात्रज–स्वारगेट–हडपसर पट्ट्यावर २००६ मध्ये बीआरटीचा, म्हणजे बससाठी स्वतंत्र मार्गिकेचा, पथदर्शी प्रयोग सुरू झाला. स्वतंत्र मार्गिकेमुळे इतर वाहनांमुळे होणारा खोळंबा कमी होऊ शकतो. थांब्यावरच्या चढ-उतारातून जन्मणारी ही विषमता मात्र मार्गिकेने नाहीशी होत नाही आणि प्रारूपात ती वेगळी धरावी लागते.

कोणती गाडी घ्यायची आणि कोणती सोडायची

आता निवडीकडे येऊ. एकाच दिशेच्या अनेक मार्गांतून प्रवासी कसा निवडतो, हा प्रश्न श्रिकी आणि रोबिलार यांनी १९७५ मध्ये ‘सामाईक मार्गां’चा प्रश्न म्हणून मांडला आणि १९८९ मध्ये स्पीस व फ्लोरियन यांनी तो संपूर्ण जाळ्यासाठी सोडवण्याची कार्यक्षम रीत दिली. कल्पना अशी की, प्रवासी एक मार्ग निवडत नाही, तो मार्गांचा एक संच मनाशी ठरवतो आणि त्या संचातली जी गाडी आधी येईल तिच्यात चढतो. संचाबाहेरची गाडी समोर उभी राहिली तरी तो ती जाऊ देतो.

संच ठरवण्याची रीत सोपी आहे. गाड्यांमधील अंतरे घातांकी वितरणाची मानावीत (म्हणजे गाड्याही यादृच्छिक क्षणी येतात आणि सरासरी प्रतीक्षा अंतराच्या निम्मी नव्हे, तर पूर्ण सरासरी अंतराएवढी होते), मार्ग प्रवासाच्या वेळेच्या चढत्या क्रमाने लावावेत आणि एकेक मार्ग संचात घेत जावा. पुढच्या मार्गाचा प्रवासवेळ आतापर्यंतच्या एकूण अपेक्षित वेळेहून कमी असेल तरच तो घ्यावा. नसेल तिथे थांबावे.

पद्मावती ते शिवाजीनगर यासाठी तीन पर्याय धरू. पहिला थेट, तासाला ४ गाड्या, प्रवास २० मिनिटे. दुसरा वळसा घालून जाणारा, तासाला ६ गाड्या, ३० मिनिटे. तिसरा स्वारगेटपर्यंत जाऊन बदलण्याचा, तासाला १२ गाड्या, बदलाच्या प्रतीक्षेसह ४५ मिनिटे. केवळ पहिल्यावर विसंबले तर १५ मिनिटे प्रतीक्षा आणि २० मिनिटे प्रवास, एकूण ३५. दुसऱ्याचा प्रवासवेळ ३० मिनिटे, म्हणजे ३५ हून कमी, म्हणून तोही घ्यावा. आता एकत्रित वारंवारिता तासाला १०, प्रतीक्षा ६ मिनिटे, सरासरी प्रवास २६ मिनिटे, एकूण ३२. तिसऱ्याला ४५ मिनिटे लागतात, म्हणून तो संचाबाहेर. शिवाजीनगरचा प्रवासी स्वारगेटच्या गाड्या एकामागून एक सोडतो तो हट्टीपणाने नव्हे; त्याचा हिशोब बरोबर असतो. संचातल्या मार्गांवर प्रवासी वारंवारितेच्या प्रमाणात विभागले जातात, म्हणजे इथे १०० पैकी ४० पहिल्यावर आणि ६० दुसऱ्यावर.

घातांकी वितरणाचा एक परिणाम लक्षात ठेवावा: त्याला स्मृती नसते. कितीही वेळ थांबले तरी पुढच्या गाडीची अपेक्षित प्रतीक्षा तेवढीच राहते, म्हणून प्रारूपातल्या प्रवाशाचा धीर कधी सुटत नाही. खरा प्रवासी वीसेक मिनिटांनी ‘आता येईल ती’ म्हणतो. हे वागणे हवे असेल तर संच प्रतीक्षेच्या कालावधीनुसार बदलू द्यावा लागतो. माझ्या मते पहिल्या फेरीत त्याच्या मागे लागू नये, कारण त्याने आकडेमोड बरीच वाढते आणि पुढची क्षमतेची बाब सुटली नसेल तर उत्तरात सुधारणा मात्र थोडीच होते.

भरलेल्या गाडीचे गणित

आतापर्यंत प्रत्येक गाडीत जागा आहे असे धरले होते. आता तासाला ६ गाड्या येणारा एकच मार्ग घेऊ, ज्याच्या प्रत्येक गाडीत या थांब्यावर १० जणांनाच शिरता येते. गाड्यांचे आणि प्रवाशांचे आगमन प्वासाँ मानले तर ही गटसेवेची रांग, म्हणजे एका वेळी अनेकांना घेऊन जाणारी रांग, होते आणि तिचे उत्तर हाताने काढता येते. ‘र’ ही ० आणि १ यांमधली अशी संख्या शोधायची की

र + र² + र³ + … + र¹⁰ = (तासाला येणारे प्रवासी) ÷ (तासाला येणाऱ्या गाड्या)

मग थांब्यावरील सरासरी माणसे = र ÷ (१ − र), आणि त्या संख्येला तासाला येणाऱ्या प्रवाशांनी भागले की सरासरी प्रतीक्षा तासांत मिळते. या प्रतीक्षेचा व्यस्त म्हणजेच परिणामी वारंवारिता, अर्थात प्रवाशाला प्रत्यक्षात जाणवणारी वारंवारिता.

तासाला एकूण ६० जणांची जागा आहे. प्रवासी ३० असतील तर ‘र’ सुमारे ०.८६९ येतो आणि प्रतीक्षा १३ मिनिटे. म्हणजे गाडीत कायम जागा असती तर लागणाऱ्या १० मिनिटांहून थोडी जास्त. प्रवासी ४८ झाले, म्हणजे जागा ८० टक्के वापरल्या गेल्या, की ‘र’ ०.९५९ आणि प्रतीक्षा २९ मिनिटे. प्रवासी ५४ झाले की प्रतीक्षा ५७ मिनिटांच्या आसपास जाते आणि तासाला ६ गाड्यांची वारंवारिता प्रवाशाच्या लेखी जेमतेम १ उरते. पूर्ण ६० ला समीकरणाला उत्तरच राहत नाही, रांग अमर्याद वाढते. एकूण जागा मागणीपेक्षा जास्त असूनही प्रतीक्षा फुगते, कारण एखाद्या गाडीत रिकाम्या गेलेल्या जागा पुढच्या गाडीच्या गर्दीला उसन्या देता येत नाहीत.

मोकळ्या जागा प्रत्येक गाडीत सारख्या नसतात, म्हणून १० ऐवजी नोंदींतून मिळालेले वितरण घालणे चांगले. रांगेच्या शिस्तीचाही विचार करावा. प्रवासी रांगेने चढतात की घोळक्याने, यावर सरासरी प्रतीक्षा अवलंबून नसते. तिची विभागणी मात्र अवलंबून असते. घोळक्यात वयस्कर, पिशव्या घेतलेले, लहान मूल सोबत असलेले यांच्या वाट्याला लांब प्रतीक्षा येते. केवळ सरासरी छापणारे प्रारूप हे लपवते, म्हणून निदान दोन गट करून त्यांना चढण्याच्या वेगवेगळ्या शक्यता द्याव्यात.

निवड आणि गर्दी यांचा मेळ

परिणामी वारंवारिता हाती आली की ती निवडीच्या गणितात छापील वारंवारितेच्या जागी घालायची. समजा गर्दीमुळे पहिल्या मार्गाची वारंवारिता ४ वरून १ वर आणि दुसऱ्याची ६ वरून २ वर आली. आता पहिल्या दोघांचा संच घेतला तर प्रतीक्षा २० मिनिटे आणि एकूण वेळ ४६.७ मिनिटे होतो. तिसऱ्याचे ४५ मिनिटे त्याहून कमी, म्हणून तो आत येतो आणि एकूण अपेक्षित वेळ ४५.३ होतो. फायदा दीड मिनिटाहूनही कमी, पण विभागणी पार बदलते: आता १०० पैकी ८० जण स्वारगेटच्या गाडीत चढतात.

ते तिकडे वळले की पहिल्या दोन मार्गांवरचा ताण उतरतो, त्यांची परिणामी वारंवारिता सुधारते आणि तिसरा मार्ग पुन्हा नकोसा होतो. संगणकावर हे उत्तर असे झोके घेत राहते. झोके थांबतात ते समतोलाच्या बिंदूवर, जिथे पहिल्या दोघांच्या संचाचा एकूण वेळ नेमका ४५ मिनिटे असतो. काही प्रवासी तिसरी गाडी सोडतात, काही घेतात आणि दोघांचाही अपेक्षित वेळ सारखाच असतो. स्वारगेटच्या गाड्यांत जागा असेतोवर काही मर्यादेपर्यंत मागणी वाढली तरी हा वेळ वाढत नाही, वाढीव प्रवासी तिसऱ्या मार्गावर जातात. या विषयावर चिलीतील संशोधकांचे काम मोलाचे आहे: दे सेआ आणि फर्नांदेस यांनी १९९३ मध्ये परिणामी वारंवारिता मार्गांवर प्रवासी वाटण्याच्या गणितात आणली आणि कोमिनेत्ती व कोर्रेआ यांनी २००१ मध्ये तिला रांगेच्या सिद्धांताचा आधार देऊन असा समतोल अस्तित्वात असतो हे दाखवले.

प्रत्यक्ष गणनेसाठी क्रमिक सरासरीची रीत वापरावी. रिकाम्या जाळ्यापासून सुरुवात करून संच ठरवावेत, प्रवासी वाटावेत, परिणामी वारंवारिता नव्याने काढाव्यात आणि प्रत्येक फेरीचे नवे वाटप पूर्ण न स्वीकारता दुसऱ्या फेरीत १/२, तिसरीत १/३ अशा घटत्या वजनाने जुन्यात मिसळावे. मागणी क्षमतेहून जास्त होण्याचा संभव असेल तर प्रत्येक थांब्याला चालण्याचा किंवा रिक्षाचा एक पर्याय जोडून ठेवावा, नाहीतर गणना अडकते. तसा पर्याय माणसांनाही असतोच. कात्रजच्या अलीकडे राहणारा प्रवासी जागा मिळावी म्हणून उलट दिशेने कात्रजपर्यंत मागे जाऊ शकतो, आणि प्रारूपात ही उलट जोडणी ठेवली नाही तर सुरुवातीच्या थांब्यावरची गर्दी कमी दिसते. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला मेट्रो मिळाल्याने तिसऱ्या पर्यायातला बदलाचा वेळही नव्याने मोजायला हवा. जुन्या सर्वेक्षणातला आकडा तिथे चालणार नाही.

गर्दीचा एखादा तासच क्षमतेपलीकडे जात असेल तर स्थिर समतोलाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावेत आणि एका तुकड्यात मागे राहिलेले पुढच्यात जमा करावेत.

पडताळणी आणि वापर

प्रारूपाने काढलेली सरासरी प्रतीक्षा नोंदींशी जुळली एवढ्यावर समाधान मानू नये. दोन विरुद्ध चुकांमुळेही ती जुळते. मागे राहिलेल्यांचे प्रमाण मार्गनिहाय जुळते का, ‘दाटी’ दर्जाच्या गाड्यांचे प्रमाण जुळते का आणि किती प्रवाशांनी संचाबाहेरची गाडी घेतली, हे तपासावे. गुणांक ज्या दिवसांच्या नोंदींवरून ठरवले ते दिवस पडताळणीसाठी वापरू नयेत.

यानंतर प्रस्ताव तपासता येतात. वरच्याच उदाहरणात तासाला ४८ प्रवासी आणि ६ गाड्या असताना प्रतीक्षा २९ मिनिटे होती. एक गाडी वाढवून ७ केल्यास ती १७ मिनिटांच्या खाली येते. गाड्या ६ च ठेवून आतल्या मांडणीत बदल करून प्रत्येकीत १० ऐवजी १२ जणांना शिरता आले तर ती सुमारे १८ मिनिटे होते. ज्या महामंडळाकडे जादा गाडी आणि चालक नाहीत त्याने दुसरा प्रस्ताव आधी तपासावा. मात्र हे दोन्ही आकडे प्रवाशांची संख्या ४८ च राहील असे धरून आले आहेत. प्रतीक्षा घटताच स्वारगेटला बदलणारे काही प्रवासी थेट गाडीकडे परततील, म्हणून अहवालात आकडा लिहिण्यापूर्वी समतोलाची गणना नव्या क्षमतेसह पुन्हा चालवावी आणि तिच्यातून येणारी प्रतीक्षाच नोंदवावी.